मॅच, बिअर, झिंगाट आणि एक टँकर

हॉस्टेलवर चार विषय कधीच संपत नाहीत. क्रिकेट, पिक्चर, गाणी आणि चौथा विषय. या चौथ्याचं नाव कॉलेजच्या मॅगझिनमध्ये छापायचं की नाही, यावर संपादक मंडळात म्हणे बराच खल झाला. मी म्हटलं, बिनधास्त छापा. मी बिअरची चव सांगणार नाहीये, तिचं पाणी सांगणार आहे. तेव्हा रेक्टर सरांनी निश्चिंत मनाने पुढे वाचावं. मेसवाल्या काकांनीही.

या चौघांना एकत्र बांधणारा एक पाचवा विषय आहे आणि तो मार्च उजाडला की बाकी सगळ्यांना मागे टाकतो. "टँकर आला का रे?" सेमिस्टरचा रिझल्ट लागल्यावर एवढी पळापळ होत नाही, जेवढी गेटवर टँकरचा हॉर्न वाजल्यावर होते. पुण्या-मुंबईकडच्या पोरांना जालन्यात आल्यावर सगळ्यात आधी काही शिकायला मिळत असेल, तर ते हे. "जालना, सोने का पालना" अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. पाळणा सोन्याचा आहे, खरं आहे. फक्त बाळाला आंघोळ दिवसाआड.

क्रिकेट, पिक्चर, गाणी, बिअर आणि टँकर हे पाचही विषय महाराष्ट्रात एकदा एकाच महिन्यात एकमेकांवर येऊन आदळले होते. तो महिना म्हणजे एप्रिल २०१६. तेव्हा मी सहावीत होतो, त्यामुळे त्यातलं निम्मं कळलं नव्हतं. आता थर्ड इयरला आहे, कॅल्क्युलेटर हातात आहे, म्हणून पुन्हा गणित मांडून बघितलं.

आधी काय झालं ते. लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला होता. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, साधारण ५ लाख लिटर पाणी. लोक मध्यरात्री जागून रेल्वे बघत होते, जशी कोणाची तरी वरात यावी. दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की ३० एप्रिलनंतरच्या आयपीएलच्या मॅचेस महाराष्ट्राबाहेर घ्या. राज्यात दुष्काळ असताना मैदानांवर पाणी मारायचं, हे चालणार नाही. तेरा मॅचेस बाहेर गेल्या. पुण्यातली १ मेची मॅच तेवढी नंतर परवानगी मिळून तिथेच झाली, ऐन महाराष्ट्र दिनाला. वानखेडेवर ठरलेली फायनल बंगळुरूला गेली आणि तिथे आरसीबी आपल्याच घरात हैदराबादकडून ८ रन्सनी हरली. कोहलीने त्या सीझनला ९७३ रन्स काढल्या होत्या. आमच्या विंगमधले आरसीबीवाले अजून त्या रात्रीबद्दल बोलत नाहीत, २०२५ ला कप मिळाला तरी.

त्याच एप्रिलच्या शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दुसरा आदेश दिला. मराठवाड्यातल्या बिअर आणि दारूच्या कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कापायचं, २७ जूनपर्यंत. बाकी उद्योगांनाही कपात होती, पण कमी. आणि २९ एप्रिलला 'सैराट' रिलीज झाला. आता एकाच पंधरवड्यात एवढं सगळं घडल्यावर कोणाचं लक्ष कशाकडे राहणार?

आमच्या घरी टीव्हीवर आयपीएलची बातमी लागली तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न विचारला होता. "मग ते पाणी इकडं यायलंय का?" उत्तर कोणी दिलं नाही. न्यूज चॅनेलवर चारजण एकाच वेळी ओरडत होते, त्यांच्यापैकीही कोणी दिलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं माझ्या परीने उत्तर.

सुरुवात पिचपासून. सिव्हिलवाल्यांना हे मी सांगणं म्हणजे आचाऱ्याला फोडणी शिकवणं आहे, पण बाकी ब्रँचेससाठी सांगतो. पिचवर पाणी मारतात ते गवत वाढावं म्हणून नाही, माती बसावी म्हणून. पिचची माती चिकणमाती असते. वानखेडेवर लाल, बऱ्याच ठिकाणी काळी. तिचे कण पाणी पिऊन फुगतात, एकमेकांवरून सरकतात आणि वरून रोलर फिरला की घट्ट बसतात. पाणी कमी पडलं तर कण सरकत नाहीत, जास्त झालं तर रोलरखाली लाडू होतो. मधला जो नेमका ओलावा आहे, त्याला सॉइल मेकॅनिक्समध्ये ऑप्टिमम मॉइश्चर कंटेंट म्हणतात. तुम्ही सेकंड इयरला घाम गाळून जी प्रॉक्टर टेस्ट केली, तीच टेस्ट मैदानावरचा क्युरेटर मूठभर माती बोटांनी दाबून करतो. त्याला व्हायवा द्यावी लागत नाही, एवढाच फरक. नंतर पिच वाळतं, भेगा पडतात, बॉल वळतो आणि आपण म्हणतो, स्पिनरने काय टाकला राव!

आता पाणी मोजू. पिच २२ यार्ड लांब, म्हणजे २०.१२ मीटर, आणि रुंदी १० फूट. क्षेत्रफळ साधारण ६१ चौरस मीटर. त्यावर १० मिलीमीटर पाणी मारलं तर झाले ६१० लिटर. म्हणजे आपल्या मेसच्या मागचे निळे ड्रम असतात ना, तसे तीन. बस्स! ज्या पट्टीवर मॅच होते, तिला एका वेळी तीन ड्रम पुरतात. मग एवढा गोंधळ कशाचा?

गोंधळ हिरवळीचा. बाउंड्री ७० मीटरवर धरली तर मैदान होतं १५,४०० चौरस मीटर. त्यावर एका वेळी ५ मिलीमीटर पाणी म्हणजे ७७ हजार लिटर. दहा हजार लिटरचे जवळपास आठ टँकर. मुंबई, पुणे, नागपूर अशी तीन मैदानं, ९ एप्रिल ते २९ मे असे सात आठवडे, आणि दिवसाआड पाणी. गुणाकार केला तर ५८ लाख लिटरच्या आसपास येतं. त्या वेळी कोर्टात आणि पेपरांत जो ६० लाख लिटरचा आकडा गाजला, तो म्हणजे कोणी हवेतून काढलेला नव्हता. माझ्या कॅल्क्युलेटरवर तो जुळतो. पण लक्षात घ्या, यातलं नव्व्याण्णव टक्के पाणी क्रिकेटला लागत नाही, क्रिकेट टीव्हीवर हिरवं दिसायला लागतं. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात गावोगाव टेनिस बॉलच्या टूर्नामेंट होतात. ढेकळांचं मैदान, कडेला चुन्याची रेघ, मांडवात स्पीकर, आणि पहिलं बक्षीस पंचक्रोशीतल्या कोणा पुढाऱ्याकडून. पाणी फक्त प्यायला, तेही जारचं. तरी सिक्स जातोच. विजय झोल याच जालन्याचा. २०११ मध्ये कूचबिहार ट्रॉफीत आसामविरुद्ध एकट्याने नाबाद ४५१ काढल्या आणि २०१४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपला भारताचा कॅप्टन झाला. क्रिकेट आपल्याकडे कोरडवाहू पीक आहे, येतं.

तर ६० लाख लिटर. जास्त की कमी? इथे गंमत सुरू होते.

ऊस घ्या. आपल्याकडे उसाला पूर्ण हंगामात साधारण २००० मिलीमीटर पाणी लागतं, पाटाने मोकळं सोडलं तर अजून जास्त. एका एकराचे झाले ८० लाख लिटर. यात पावसाचं पाणीही आलं, पण आपल्याकडे पाऊसच सहा-सातशे मिलीमीटर, तोही मनात आलं तर. म्हणजे संपूर्ण आयपीएलचं महाराष्ट्रातलं पाणी बरोबर किती झालं? तीस गुंठे ऊस. तीस गुंठे! अंबड-घनसावंगीकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या बाजूने बसने जाताना तीस गुंठे ऊस खिडकीतून मागे जायला काही सेकंद लागतात.

किंवा बाष्पीभवन घ्या. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या तलावातून दिवसाला सहा-सात मिलीमीटर पाणी सहज उडून जातं. एक चौरस किलोमीटर पाण्यावर हे झाले ६० ते ७० लाख लिटर. जायकवाडी पूर्ण भरला की त्याचं पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं. उन्हाळ्यात तो निम्म्याहून कमी होतो, तरीही सूर्य तिथे रोज कितीतरी आयपीएल भरवतो आणि त्याला कोणतंही कोर्ट नोटीस काढत नाही.

हे आकडे बघितले की एक वर्ग लगेच म्हणतो, बघा, सगळा दिखावा होता, मॅचेस उगाच हलवल्या. मीही तसंच म्हणणार होतो. पण मग मी आमच्या बागेचा आकडा मांडला.

बदनापूर तालुक्यात आमची मोसंबीची दोनशे झाडं होती. मोसंबी हे मोठं चमत्कारिक झाड आहे. तिला मुद्दाम तहानलेलं ठेवावं लागतं. डिसेंबरात पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन गळायला लागेपर्यंत थांबायचं, याला ताण देणं म्हणतात. मग खत घालून पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं, तो आंबे बहार. म्हणजे तहान हा मोसंबीच्या शेतीतला हिशोबाचा भाग आहे. फक्त ताण कधी तोडायचा हे शेतकऱ्याच्या हातात असावं लागतं. २०१२-१३ मध्ये ते राहिलं नाही. तो दुष्काळ जालन्यासाठी २०१६ पेक्षाही वाईट होता, असं घरातली मोठी माणसं सांगतात. विहीर तळाला गेली, दोन बोअर कोरडे गेले. मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं. दोनशे झाडांना रोज दोन टँकर. वडिलांनी काही दिवस टँकर विकत घेऊन घातला, मग टँकरवाल्याने भाव वाढवला, मग टँकरच मिळेना. एप्रिलमध्ये झाडं वाळली, मेमध्ये तोडली. बारा वर्षांची बाग. लाकूड वीटभट्टीवाल्याने नेलं. मी तेव्हा लहान होतो, मला आठवतं ते एवढंच की त्या दिवशी शेतातून घर दिसायला लागलं होतं. आधी झाडांमुळे दिसायचं नाही.

नवी बाग लावायची तर पहिली चांगली तोड यायला पाच वर्षं. त्यामुळे उसाचं आणि मोसंबीचं गणित वेगळं आहे. ऊस गेला तर एक वर्ष जातं, मोसंबी गेली तर पोराच्या शिक्षणाचा अख्खा काळ जातो.

आता बघा. दोनशे झाडं, रोज शंभर लिटर, उन्हाळ्याचे शंभर दिवस. झाले २० लाख लिटर. म्हणजे आयपीएलच्या ६० लाख लिटरमध्ये आमच्यासारख्या तीन बागा पूर्ण उन्हाळा तरल्या असत्या. जायकवाडीसमोर जो आकडा थेंबासारखा दिसतो, तोच एका घरासमोर पुरासारखा दिसतो. कोणता बघायचा? माझ्या मते दोन्ही चूक, कारण दोन्हींत वडिलांचा प्रश्न राहूनच गेला. ते पाणी इकडं येतंय का?

येत नाही. येऊच शकत नाही. मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा यांचं. ते सह्याद्रीच्या पश्चिमेला पडतं आणि वाचलं तर समुद्राकडे जातं. पुण्याचं खडकवासल्याचं, ते पुढे भीमेतून उजनीकडे. नागपूरचं पेंचचं. यातला एक हंडासुद्धा जायकवाडीत येत नाही. वानखेडेवर पाणी नाही मारलं म्हणून जालन्याचा नळ एक मिनिट जास्त चालला नाही. आपण 'पाणी' म्हणून एकच शब्द वापरतो, त्यामुळे असं वाटतं की राज्यात कुठेतरी एक मोठी टाकी आहे आणि सगळे तिला तोट्या लावून बसलेत. तसं नाही. पाणी खोऱ्याचं असतं, आणि महिन्याचं असतं. आपल्या हॉस्टेलच्या ए विंगच्या टाकीतलं पाणी बी विंगला येत नाही, हे आपल्याला कळतं. मग राज्याचं का कळू नये?

आता बिअर. इथे मात्र प्रकरण वेगळं आहे, आणि माझ्या मते त्या एप्रिलची खरी बातमी ही होती. पण तिला आयपीएलच्या एक दशांश एवढीही हेडलाइन मिळाली नाही.

आधी प्रोसेस. बिअर सातूपासून होते, म्हणजे जव. आपल्याकडे तो जास्त करून राजस्थानात पिकतो. सातू भिजत घालतात, मोड आणतात, मग भट्टीत वाळवतात. हा झाला माल्ट. आजी मटकीला मोड आणते, तिथपर्यंत प्रक्रिया तीच. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. मग माल्ट भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात ठेवला की ते एन्झाइम स्टार्चची साखर करतात. ते गोड पाणी गाळून, हॉप्स नावाची कडवट फुलं टाकून उकळायचं, थंड करायचं, यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. बाकी मग थंड टाकीत मुरत पडायचं. तयार बाटलीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं.

पण बाटलीतलं पाणी हा छोटा हिस्सा आहे. टाक्या धुणं, पाइप धुणं, परत आलेल्या बाटल्या कॉस्टिकने धुणं, बॉयलर, कूलिंग, हे सगळं धरलं तर कारखान्यात एक लिटर बिअरमागे साधारण चार ते सहा लिटर पाणी जातं. चांगल्या आधुनिक कारखान्यात ते तीनच्या आसपास आणलं जातं. म्हणजे ६५० मिलीच्या एका बाटलीमागे धरा तीन लिटर. आणि आपण आंघोळीला वीस लिटरची बादली घेतो, काही महाभाग दोन. एका आंघोळीत सहा बाटल्या! हे वाक्य कोणी संदर्भ तोडून रेक्टर सरांना दाखवू नये.

शेतात सातूला लागलेलं पाणी धरलं तर आकडा शेकड्यात जातो, पण ते पाणी राजस्थानचं. आपल्याशी संबंध कारखान्यातल्या पाण्याचा. समजा एखादा कारखाना दिवसाला एक लाख बाटल्या भरतो. रोज तीन लाख लिटर, तीस टँकर. वीस दिवसांत एक आयपीएल. आणि आयपीएल दोन महिने असते, कारखाना बारा महिने.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, तिथल्या वाळूज भागात बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत आणि त्यांना पाणी येतं एमआयडीसीच्या पाइपातून, पैठणच्या जायकवाडीचं. संभाजीनगर शहर तेच पाणी पितं. आणि जालना शहराची पाइपलाइनही पैठणहूनच येते. आपला निजामकाळातला घाणेवाडी तलाव आहे, दुष्काळाच्या वर्षांत लोकांनी एकत्र येऊन त्यातला गाळ काढला, ते काम खरंच मोठं आहे. पण शहर आता एकट्या घाणेवाडीवर भागत नाही. म्हणजे इथे मात्र टाकी एकच आहे. बाटली, नळ आणि डाव्या कालव्यावरचा ऊस, तिघांच्या तोट्या एकाच धरणाला.

आणि त्या उन्हाळ्यात त्या धरणात काय होतं? जायकवाडीची एकूण क्षमता १०२ टीएमसीच्या आसपास. त्यातले ७६ टीएमसी उपयुक्त, बाकीचे २६ टीएमसी मृतसाठा. मृतसाठा म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खाली राहिलेलं पाणी, जे आपोआप वाहून बाहेर येऊ शकत नाही. ते पंप लावून वर उचलावं लागतं. खाली गाळ असतो, पाणी गढूळ होतं, शुद्ध करायला खर्च वाढतो. २०१६ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपला होता. शहरं मृतसाठा पीत होती, आणि बाटल्यांतही तोच भरला जात होता.

म्हणून माझं मत असं आहे. आयपीएलच्या आदेशाने महाराष्ट्रभर चर्चा झाली आणि जालन्याला थेंब आला नाही. बिअरच्या आदेशाची चर्चा कमी झाली, पण त्यात वाचलेला प्रत्येक लिटर खरोखर धरणात राहिला आणि पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी हंड्यात गेला असणार. खोरं तेच, महिना तोच, पाइप तोच.

शेजारच्या रूममधल्या मित्राला हा लेख वाचून दाखवला तेव्हा तो इथे भडकला. त्याचे वडील तेव्हा वाळूजला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कंपनीत होते, आणि खोके जायचे बिअरच्या कारखान्यात. पाणी कापलं तशा बाटल्या कमी झाल्या, बाटल्या कमी झाल्या तसे खोके, आणि मे-जूनमध्ये त्यांना महिन्यात निम्म्याच शिफ्ट मिळाल्या. "तुमची बाग वाळली ते दिसतं, आमची शिफ्ट वाळली ते कुठं दिसतं?" असं तो म्हणाला. याला माझ्याकडे उत्तर नाही. बिअरवरच्या करातून सरकारला जे पैसे मिळतात, त्यातूनच टँकरची बिलं भागत असतील, हेही त्याने जाता जाता ऐकवलं. पोरगं अकाउंटंट व्हायचं, चुकून मेकॅनिकलला आलं. मी एवढंच म्हटलं की मृतसाठ्यावर आल्यावर आधी पिण्याचं पाणी, हे त्यालाही मान्य आहे. त्यावर त्याने विचारलं, मग ऊस? आणि आम्ही दोघंही गप्प बसलो, कारण त्या एप्रिलमध्ये मॅचसारखा आणि बाटलीसारखा उसाचा विषय कोणी तेवढ्या त्वेषाने काढला नव्हता. तोडायला आलेला ऊस टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत. आणि ऊस लावणाराही आपलाच मामा असतो.

राहिलं गाणं. चौघांपैकी हा एकटाच बिनपाण्याचा. रेन डान्स नावाचा बावळट प्रकार सोडला तर गाण्याला पाणी लागत नाही, डिझेल लागतं, जनरेटरला. 'सैराट'च्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला आणि ते व्हायोलिन आमच्याकडे पोचलं ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांधलेल्या डीजेतून. त्या मे महिन्यात आमच्या नात्यातली दोन लग्नं पाण्यामुळे पुढे ढकलली, पण जी झाली त्यात झिंगाट वाजल्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरला नाही. दुष्काळात लोक नाचत कसे होते, असं शहरातल्या एखाद्याला वाटेल. माझ्या चुलत्यांचं म्हणणं होतं, टँकर रात्री दोनला येणार, तोवर झोपून तरी काय करायचं?

पिक्चर मी जालन्यात टॉकीजला बघितला, घरच्यांसोबत. सुरुवातच गावच्या क्रिकेट मॅचने होते, कॉमेंट्रीसकट, त्यामुळे पहिल्या मिनिटालाच पब्लिक आपलं झालं. पण मला अजून आठवतो तो विहिरीचा सीन. पोरं विहिरीत धडाधड उड्या मारतात. काठोकाठ नाही, पण चांगली भरलेली विहीर. त्या उडीला जी शिट्टी पडली, ती हिरोला होती की पाण्याला, हे मला आजही सांगता येणार नाही. शूटिंग करमाळ्याकडचं, म्हणजे तोही दुष्काळीच मुलूख, फक्त कुशीत उजनीचं पाणी. माझ्या मागे बसलेल्या एका आजोबांनी मोठ्याने विचारलं होतं, "ही हिर कोणत्या गावची रं?"

आठ वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, टंचाई बंगळुरूला आली. ज्या शहराने २०१६ ला आपली फायनल नेली, तिथेच टँकरच्या रांगा लागल्या आणि आयपीएल तोंडावर. या वेळी मॅचेस हलवल्या नाहीत. चिन्नास्वामी स्टेडियमवर शुद्ध केलेलं सांडपाणी वापरलं. २०१६ मध्येही क्रिकेटवाल्यांनी कोर्टात हीच तयारी दाखवली होती, पण तोवर उशीर झाला होता. गवताला काय, पाणी आधी कोणाच्या बाथरूममधून आलं याच्याशी घेणं नसतं. मैदानाच्या ७७ हजार लिटरसाठी धरणाकडे बघायची गरज नाही, शहर रोज त्याच्या कितीतरी पट गटारीत सोडतं.

आपल्याच गटारीकडे बघू. मेसजवळच्या आरओ मशीनचा एक पाइप पिण्याचं पाणी देतो आणि दुसरा मागच्या बाजूला मोरीत सोडलाय. मागच्या आठवड्यात मी बादल्या लावून मोजलं. एक बादली गोड पाण्यामागे जवळपास दीड बादली मोरीत. हॉस्टेलवर आपण तीनशेजण, माणशी चार लिटर पिण्याचं पाणी धरा. बाराशे लिटर पितो, अठराशे लिटर सोडून देतो. पिचला एका वेळी किती लागतं हे वर सांगितलंय, सहाशे.

अडचण एकच, या पाण्यात क्षार जास्त आहेत. गवत जळेल कदाचित. सोडियम जास्त निघालं तर चिकणमातीचे कण सुटे होतील आणि पिच बसण्याऐवजी फुटेल. की आपल्या काळ्या मातीत चालून जाईल? हे सिव्हिलच्या फायनल इयरवाल्यांनी प्रॉक्टर टेस्ट करून सांगावं, प्रोजेक्टचा विषय फुकट देतोय. गॅदरिंग कपच्या आधी उत्तर हवंय. तोवर मोटार रूमच्या मागे आरओच्या पाइपाखाली एक निळा ड्रम ठेवलाय, त्यावर खडूने 'पिच' असं लिहिलंय. कृपया त्यात जीन्स भिजत घालू नयेत. काल तिसरी निघाली.